रेटिनॉलने चेहरा सोलला, आता कॅप्सूल घेऊ का?

एकीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१. हनुवटीवर आणि गालांवर पिंपल्स येतात, जाताना काळपट डाग ठेवून जातात. रेटिनॉलचं (म्हणजे व्हिटॅमिन ए च्याच एका रूपाचं) सीरम आणलं, रोज रात्री लावलं, बाराव्या दिवशी चेहरा लाल होऊन सोलायला लागला. मैत्रीण म्हणते, वरून काय लावत बसतेस, व्हिटॅमिन ए च्या कॅप्सूल घे, आतून फरक पडेल. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य: येत्या वर्षभरात बाळाचा विचार आहे.

मी त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण उरलेलं सगळं उत्तर त्याने बदलतं. कॅप्सूल घेऊ नका. आणली असेल तर बाटली फोडू नका.

गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत डोकं कुठे, पाठीचा कणा कुठे, हृदयाचे कप्पे कसे, हे ठरवणाऱ्या संकेतांपैकी एक म्हणजे रेटिनॉइक ॲसिड. ते आपल्या शरीरात व्हिटॅमिन ए पासूनच तयार होतं. गर्भाला ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी आणि अगदी मोजकं लागतं. आईच्या रक्तात त्याचा पूर आला तर हा नकाशा चुकतो. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं आढळलं, की पूरक गोळ्यांमधून रोज १०,००० आययूपेक्षा (आययू हे जीवनसत्त्वं मोजायचं एकक) जास्त तयार व्हिटॅमिन ए, म्हणजे भाजीतलं नव्हे तर थेट रेटिनॉलच्या रूपातलं, घेणाऱ्या स्त्रियांच्या बाळांमध्ये जन्मजात दोषांचं प्रमाण वाढलेलं होतं. १०,००० आययू म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅम. आता मैत्रिणीच्या बाटलीचं लेबल वाचा. १०,००० किंवा २५,००० आययूची एकेक कॅप्सूल सहज मिळते. शिवाय धोक्याचे आठवडे नेमके तेच असतात, जेव्हा पाळी चुकल्याचंही अजून लक्षात आलेलं नसतं. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळून लघवीवाटे निघून जाणाऱ्यातलं नाही. ते चरबीत विरघळतं, लिव्हरमध्ये साठतं आणि महिनोन्महिने पुरतं. त्यामुळे ‘दिवस राहिले की बंद करीन’ हा हिशेब इथे चालत नाही.

याचा अर्थ गाजराकडे संशयाने बघायला लागा असा मुळीच नाही. पण त्याबद्दल नंतर.

आता मैत्रिणीच्या बाजूने थोडं बोलते, कारण तिचा सल्ला अगदी हवेतून आलेला नाही. १९४० च्या दशकात पिंपल्ससाठी तोंडावाटे व्हिटॅमिन ए देणारे डॉक्टर होते, तेही रोज १,००,००० आययू वगैरे. पुढच्या काळात अनुभव असा आला की डोस कमी असला तर काहीच होत नाही आणि पिंपल्स हटतील इतका दिला तर माणूस आजारी पडायला लागतो. उपयोगाचा डोस आणि विषाचा डोस यांच्यामध्ये पाय ठेवायला जागाच नव्हती. म्हणूनच तर त्या रेणूची रचना बदलून औषधं बनवण्याची धडपड सुरू झाली. तुमच्या मैत्रिणीने सांगितलेला उपाय आमच्या शास्त्राने करून पाहिला आणि सोडून दिला, असं म्हणा.

हे असं का होतं, ते कळायला हे जीवनसत्त्व त्वचेत काय करतं ते बघावं लागेल. मला स्वतःला हा भाग फार आवडतो, म्हणून जरा रेंगाळते.

१९१३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात एल्मर मॅकॉलम आणि मार्गरिट डेव्हिस उंदरांना वेगवेगळे स्निग्ध पदार्थ खाऊ घालत होते. डुकराची चरबी किंवा ऑलिव्ह तेल दिलं की काही आठवड्यांनी उंदरांची वाढ थांबायची. लोणी किंवा अंड्याच्या बलकातला अर्क दिला की ती पुन्हा सुरू व्हायची. म्हणजे स्निग्धांश सगळ्यांतच होता, पण काहींत आणखी कसलीतरी वस्तू होती. तीच पुढे ‘ए’ झाली, अक्षरमालेतली पहिली. १९२५ मध्ये वोलबाक आणि होव यांनी या जीवनसत्त्वाविना वाढवलेल्या उंदरांचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. श्वासनलिका, लाळग्रंथी, मूत्रमार्ग, डोळा, सगळीकडे एकच प्रकार. जिथे ओलं, चिकट, श्लेष्मा सोडणारं नाजूक अस्तर असायला हवं, तिथे कोरडं, शिंगासारखं कडक, कातडीसारखं अस्तर तयार झालं होतं.

याच्या उलटा प्रयोग मला त्याहून विलक्षण वाटतो. १९५३ मध्ये ऑनर फेल आणि एडवर्ड मेलनबी यांनी कोंबडीच्या गर्भाची त्वचा बशीत वाढवली आणि त्यात व्हिटॅमिन ए भरपूर घातलं. ती त्वचा कडक व्हायच्या ऐवजी श्लेष्मा सोडायला लागली. कातडीचं नाकाच्या आतल्या अस्तरासारखं काहीतरी झालं.

म्हणजे हे जीवनसत्त्व ‘त्वचेचं पोषण’ करणारं खत नाही. पेशीने मोठं होऊन काय बनायचं, याचा तो हुकूम आहे. १९८७ मध्ये हा हुकूम वाचणारा रिसेप्टर दोन प्रयोगशाळांना एकाच सुमारास सापडला, एक पिएर शाँबाँ यांची आणि दुसरी रोनाल्ड एव्हान्स यांची. रेटिनॉइक ॲसिड पेशीच्या केंद्रकात शिरतं, रिसेप्टरला चिकटतं आणि ती जोडी थेट जनुकांवर बसून काही चालू करते, काही बंद. पिंपलची सुरुवात जिथून होते तिथे, म्हणजे केसाच्या मुळाशी असलेल्या बारीक नळीत, मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून बूच तयार करतात. हा हुकूम पोचला की त्या सुट्या होऊन बाहेर पडतात, बूच बसत नाही. खालच्या थरात कोलॅजन (त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन) कुरतडणारी एन्झाइम्स आवरली जातात आणि नवं कोलॅजन थोडं जास्त बनतं. रंगद्रव्याचे कण भराभर वर ढकलले जाऊन झडतात, म्हणून डाग फिके होतात.

आता कळीची गोष्ट. हुकूम किती द्यायचा, हे शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. लिव्हर साठा करतं, रक्तात ठरावीक पातळीइतकंच सोडतं, तेही एका वाहक प्रथिनाला बांधून. पोटभर आणि बऱ्यापैकी चौरस जेवणाऱ्या माणसाच्या त्वचेत या जीवनसत्त्वाची टंचाई नसते. वरून कॅप्सूल घातली तर ती लिव्हरच्या कोठारात जाते, हनुवटीवर नाही. क्रीम मात्र हा पहारा चुकवून हुकूम थेट पेशीच्या दारात पोचवतं. ‘आतून’ आणि ‘वरून’ यात इथे वरूनच जास्त खोल जातं, गंमत आहे.

टंचाई खरोखर असते तेव्हा ती चेहऱ्यावर पिंपल्स आणून सांगत नाही. आधी तिन्हीसांजेला दिसेनासं होतं, कारण डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश पकडणारा रेणूही याच जीवनसत्त्वापासून बनतो. या शोधासाठी जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ चं नोबेल मिळालं. मग बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे चट्टे येतात आणि दुर्लक्ष झालं तर बुबुळच विरघळून कायमचं अंधत्व येतं. त्वचेवर कोपरं, गुडघे, मांड्या, कुल्ले इथे काटेरी खडबडीत पुरळ उठतं. पुस्तकी नावाचा अर्थच मुळी ‘बेडकाची त्वचा’ असा आहे. (ते पुरळ दिसलं म्हणजे हीच टंचाई असंही नाही. इतर पोषक घटकांच्या अभावानेही तसंच दिसतं.)

लहान मुलांमध्ये ही टंचाई जीवघेणी ठरते. आल्फ्रेड सोमर यांनी इंडोनेशियातल्या आचे प्रांतात केलेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मोठे डोस दिलेल्या गावांमध्ये बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. जिथे अशी टंचाई सार्वत्रिक आहे तिथे सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांना ठरावीक अंतराने मोठे डोस द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्यातूनच आली. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना १,००,००० आययू, एक वर्षानंतर २,००,०००. हे आकडे वाचून कुणी म्हणेल, बाळांना लाख आणि मला दहा हजारही नको? तो डोस एकदाच, काही महिन्यांतून, रिकाम्या कोठारात टाकायचा असतो. तुमचं कोठार भरलेलं आहे आणि तुम्ही रोज टाकायचं म्हणताय.

मोठ्या माणसांत मी टंचाईचा संशय घेते तो वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन झालेल्यांमध्ये, लिव्हरच्या किंवा स्वादुपिंडाच्या जुन्या आजारात आणि आतड्यातून स्निग्ध पदार्थ शोषलेच जात नाहीत अशांमध्ये. त्यांची रक्ततपासणी होते आणि डोस डॉक्टर ठरवतात. तुमच्या प्रश्नात यातलं काहीच नाही.

अति झालं की काय होतं, याची एक जुनी गोष्ट आहे. विलेम बॅरेंट्स यांची डच तुकडी १५९६-९७ च्या हिवाळ्यात आर्क्टिकमधल्या नोवाया झेमल्या बेटावर अडकली होती. त्यांनी मारलेल्या पांढऱ्या अस्वलाचं लिव्हर खाल्लं. सगळे आजारी पडले आणि तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली, असं त्यांच्यातल्याच एकाच्या रोजनिशीत आहे. पांढरं अस्वल सील खातं, सील मासे खातात आणि प्रत्येक पायरीवर साठा वाढत जातो. गुन्हेगार व्हिटॅमिन ए च होतं, हे १९४३ मध्ये तपासणीत निघालं.

इतकं टोकाचं कुणाचं होत नाही, पण हळूहळू होणारं मी पाहिलंय. ओठ सतत फाटलेले, कितीही बाम लावला तरी. त्वचा कोरडी, केस मुठीने गळतायत, सकाळी डोकं धरलेलं, हाडं दुखतायत. माणूस सांगतो, ‘डॉक्टर, त्वचा कोरडी पडली म्हणून तर मी व्हिटॅमिन ए चालू केलं!’ कमी पडलं तरी कोरडेपणा, जास्त झालं तरी कोरडेपणा. यामुळेच लक्षण बघून स्वतःच डोस वाढवण्याची सवय या जीवनसत्त्वाच्या बाबतीत वाईट.

रोजची गरज किती? अमेरिकेतल्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला ७०० मायक्रोग्रॅम, पुरुषाला ९००, गरोदरपणात ७७०, अंगावर पाजत असताना १,३००. तयार व्हिटॅमिन ए ची कमाल मर्यादा रोज ३,०००. लेबलवर आययू असेल आणि घटकांत रेटिनॉल किंवा रेटिनिल पामिटेट लिहिलेलं असेल तर आकड्याला ०.३ ने गुणा, मायक्रोग्रॅम मिळतात. ‘तयार’ हा शब्द मी मुद्दाम पुन्हा पुन्हा वापरतेय. लिव्हर, अंडी, दूध, लोणी, माशाच्या लिव्हरचं तेल यांत रेटिनॉल तयार मिळतं. गाजर, रताळं, हिरव्या पालेभाज्या, आंबा यांत बीटा कॅरोटीन असतं आणि त्यातून गरजेपुरतंच व्हिटॅमिन ए बनतं. जेवणातल्या १२ मायक्रोग्रॅम कॅरोटीनचं साधारण एक मायक्रोग्रॅम होतं आणि साठा पुरेसा असला की शरीर हे रूपांतर कमी करतं. म्हणून भाज्या खाऊन कुणाला व्हिटॅमिन ए ची बाधा होत नाही. फार तर तळहात-तळपाय पिवळे होतात. एक मुलगी कावीळ झाली म्हणून घाबरून आली होती. डोळ्यांचा पांढरा भाग स्वच्छ पांढरा, हात मात्र हळदीत बुडवल्यासारखे. विचारल्यावर कळलं, रोज दोन मोठे ग्लास गाजराचा रस. रस बंद केला, काही आठवड्यांत हात पूर्ववत.

तेव्हा तुम्ही जेवणात गाजर, पालेभाज्या, अंडी, दूध बिनधास्त चालू ठेवा. बाळाचा विचार पक्का झाल्यावर लिव्हर आणि माशाच्या लिव्हरचं तेल एवढं टाळा. गरोदरपणातल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या मात्र वेगळ्या. त्यांत हे जीवनसत्त्व एकतर नसतं किंवा मोजकं असतं.

घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर अजून एक. बीटा कॅरोटीन भाजीतून चांगलं, म्हणून त्याच्या मोठ्या डोसाच्या गोळ्याही चांगल्या, असं नाही. फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. हे १९९४ मध्ये कळलं. बीटा कॅरोटीन आणि रेटिनॉल एकत्र देणारी अमेरिकेतली दुसरी चाचणी तर असाच कल दिसल्यामुळे १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली.

आता सीरमकडे येऊ.

त्वचेच्या पेशीला फक्त रेटिनॉइक ॲसिड वाचता येतं. बाकीच्या रूपांना ती आधी त्यात बदलून घेते. रेटिनिल एस्टर (पामिटेट वगैरे) सगळ्यात लांब. तिथून रेटिनॉल, मग रेटिनाल्डिहाइड, मग रेटिनॉइक ॲसिड. प्रत्येक पायरीला बराच माल गळतो. म्हणून ट्रेटिनॉइन, म्हणजे थेट रेटिनॉइक ॲसिड, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आहे. आणि रेटिनॉल, त्याच्या कित्येक पटींनी सौम्य, सौंदर्यप्रसाधनात बसतं. लेबलवर रेटिनिल पामिटेट असेल आणि किंमत रेटिनॉलची असेल, तर तुम्ही मॉइश्चरायझर विकत घेतलंय असं समजा.

ट्रेटिनॉइन पिंपल्सवर चालतं हे अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडलं आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पिंपल्ससाठी लावणाऱ्या जरा वयस्क स्त्रिया सांगायला लागल्या की सुरकुत्याही कमी वाटतायत. त्या धाग्यावरून १९८६ चा सुरकुत्यांवरचा शोधनिबंध आला. या क्लिगमन यांनी फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले होते आणि त्यावर पुढे कडक टीका झाली, हेही सांगायला हवं. औषध चांगलं आहे, म्हणून त्याची सगळी वाट स्वच्छ होती असं नाही.

तुमचा चेहरा बाराव्या दिवशी का सोलला? बहुतेक वेळा ही ॲलर्जी नसते. पेशींची उलाढाल एकदम वाढते, वरचा संरक्षक थर त्या वेगाने तयार होत नाही आणि त्वचा तात्पुरती उघडी पडते. साधारण दोन ते सहा आठवड्यांत ती सरावते. ॲलर्जी असेल तर खाज जास्त असते, पापण्या सुजतात, पाण्याचे बारीक फोड येतात. तसं असेल तर सीरम कायमचं बंद आणि डॉक्टरांना दाखवा.

पण मला शंका आहे की सीरम एकटं नव्हतं. असा लाल चेहरा घेऊन आलेल्यांना मी सांगते, घरातलं चेहऱ्याला लागणारं सगळं पिशवीत भरून आणा. मागे एकीने टेबलावर पिशवी रिकामी केली. सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, ग्लायकोलिक टोनर, व्हिटॅमिन सी सीरम, रेटिनॉल, दाणेदार स्क्रब आणि एक ‘नाइट रिपेअर’ क्रीम, ज्यात पुन्हा रेटिनॉल. ती म्हणाली, ‘मी तर फक्त एकच रेटिनॉल लावते.’ तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. सहा वस्तूंतल्या पाच आम्ही बाजूला ठेवल्या. तुमचीही पिशवी एकदा उपडी करून बघा.

सध्या दहा-बारा दिवस सीरम बंद. सौम्य फेसवॉश, साधं सुगंधविरहित मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा, सकाळी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. बस. टोनर नको, स्क्रब नको, वाफ नको. लाली जाऊन नुसतं पाणी लागल्यावरही चुरचुरणं थांबलं, की पुन्हा सुरुवात करता येईल, पण वेगळ्या रीतीने.

चेहरा धुऊन टिपा आणि वीस मिनिटं थांबा, कारण ओलसर त्वचेत हे जास्त झिरपतं आणि जास्त भाजतं. मॉइश्चरायझरचा पातळ थर द्या. मग मटारच्या दाण्याएवढं उत्पादन बोटाच्या टोकावर घ्या, पूर्ण चेहऱ्याला एवढंच. एक ठिपका कपाळावर, एकेक गालावर, एक हनुवटीवर, मग पसरवा. नाकपुडीची घडी, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडा यांना आधीच थोडी व्हॅसलीन लावून ठेवा, कारण सोलणं नेहमी तिथूनच सुरू होतं. वर पुन्हा मॉइश्चरायझर. फक्त पिंपलवर टिकली लावू नका. हे औषध आलेल्या पिंपलसाठी नाही, न आलेल्यासाठी आहे, म्हणून सगळीकडे लावायचं. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन रात्री, मग तीन, मग एक दिवसाआड. रोज लावायलाच हवं असा नियम नाही.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आम्हा डॉक्टरांचीच समजूत होती की सोललं नाही तर चाललं नाही. मीही सुरुवातीच्या वर्षांत पहिल्याच भेटीत ०.१ टक्का ट्रेटिनॉइन लिहून दिलेलं आहे आणि पेशंट पुन्हा तोंड दाखवायला आल्या नाहीत, अक्षरशः. पुढे तुलना झाल्या तेव्हा दिसलं की सुरकुत्यांवर ०.०२५ टक्क्याचाही परिणाम वर्षभरात जवळपास तेवढाच, आग मात्र पुष्कळ कमी. तेव्हापासून मी खालच्या पायरीवरूनच चढते. युरोपियन युनियननेही २०२४ मध्ये नियम करून चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉलची कमाल मर्यादा ०.३ टक्के आणि अंगाच्या लोशनमध्ये ०.०५ टक्के ठेवली. १ टक्क्याच्या बाटलीमागे धावू नका.

बाटलीबद्दलच एक. रेटिनॉल उजेडाने आणि हवेने खराब होतं. अपारदर्शक ट्यूब किंवा पंप हवा, रुंद तोंडाची बरणी नको. पारदर्शक काचेत ते विकणाऱ्याने रसायनशास्त्राचा तास चुकवलेला असतो. ट्रेटिनॉइनही उजेडात टिकत नाही आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडसोबत (हे पिंपल्सवर लावायचं दुसरं औषध) लावलं तर निकामी होतं. ॲडापलीन हे त्याच कुळातलं लावायचं औषध या दोन्ही बाबतीत पक्कं आणि त्याने आगही कमी होते, म्हणून पिंपल्सच मुख्य तक्रार असेल तर रेटिनॉलपेक्षा माझा कल तिकडे असतो. अमेरिकेत ०.१ टक्का ॲडापलीन २०१६ पासून चिठ्ठीशिवायही मिळतं.

धीर किती धरायचा? पिंपल्सना बारा आठवडे, डागांना सहा महिने, सुरकुत्यांना वर्ष. पहिल्या महिन्यात पिंपल्स थोडे वाढू शकतात, आत दबलेले वर येतात. पण तीन महिन्यांनंतरही वाढतच असतील तर त्याला ‘सफाई चाललीय’ म्हणत बसू नका. या काळात वॅक्सिंग केलं तर वरची त्वचा मेणाबरोबर निघून येते, तेही सांगून ठेवते.

आणि ज्या क्रीममध्ये ट्रेटिनॉइनच्या जोडीला हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं रसायन) आणि स्टेरॉइड असतं, ते डागांवर महिनोन्महिने स्वतःच्या मनाने लावू नका. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून सोडवत नाही; मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात, लव वाढते. रेटिनॉलने झालेली लाली महिन्याभरात जाते. स्टेरॉइडची घालवायला मला कधीकधी वर्ष लागतं.

पण हे वर्षभराचं वेळापत्रक तुमच्या बाळाच्या बेताशी टक्कर देतं. क्रीममधून रक्तात फार थोडं जातं आणि चुकून लावत असताना दिवस राहिलेल्या स्त्रियांच्या अभ्यासांत ठळक धोका दिसलेला नाही. तरी सौंदर्यासाठी तेवढीही जोखीम घेऊ नये, म्हणून प्रयत्न सुरू करतानाच आम्ही रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ॲडापलीन सगळं थांबवायला सांगतो. चुकून लावलं गेलं तर घाबरून जाऊ नका, एवढाच त्या अभ्यासांचा उपयोग. तोंडावाटे घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन मात्र वेगळीच गोष्ट. अमेरिकेत १९८२ मध्ये आलेलं हे औषध तैलग्रंथीच आकसून टाकतं आणि खोल गाठींच्या पिंपल्सवर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण गर्भाला होणारी इजा भयंकर असते. गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर एक महिना गर्भधारणा होताच कामा नये. सोरायसिससाठी दिल्या जाणाऱ्या ॲसिट्रेटिनला तर तीन वर्षं थांबावं लागतं. कुणी तुम्हाला आयसोट्रेटिनॉइन सुचवलं तर पहिलं वाक्य बाळाच्या बेताचं सांगा, शेवटचं नको.

तुमच्या जागी मी असते तर आत्ता रेटिनॉल पुन्हा सुरू करण्याच्या भानगडीत पडले नसते. बाळाला सहा-आठ महिन्यांहून जास्त अवकाश असेल तरच त्याला अर्थ आहे. नाहीतर ॲझेलिक ॲसिडचं क्रीम लावा, १५ ते २० टक्क्यांचं. पिंपल्स आणि डाग दोन्हींवर चालतं, गरोदरपणातही चालतं, फक्त सुरुवातीला थोडी खाज सुटते. बाकुचिओल नावाचं वनस्पतिजन्य द्रव्य ‘नैसर्गिक रेटिनॉल’ म्हणून विकतात. ते व्हिटॅमिन ए नाही. २०१९ च्या ४४ जणांच्या एका चाचणीत ते सुरकुत्या आणि डागांवर रेटिनॉलच्या बरोबरीने उतरलं, आग कमी झाली, हे खरं. पण ४४ म्हणजे ४४, आणि गरोदर स्त्रियांवर त्याचा अभ्यास नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: पाळी नियमित येते का? तिशीनंतर हनुवटीवर आणि जबड्याच्या रेषेवर येणारे, पाळीच्या आठवडाभर आधी फुगणारे पिंपल्स पुष्कळदा हार्मोनचे असतात. पाळी पुढे-मागे होत असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाइतकीच स्त्रीरोगतज्ज्ञाची भेट महत्त्वाची, आणि बाळाचा विचार असताना तर आधी तीच. जाताना गेल्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा लिहून न्या. आणि ती पिशवीही न्या, मैत्रिणीच्या बाटलीसकट.